धबधब्याची थाप

३ सप्टेंबर, मंगळवार

नुरझात आज मधाचा केक घेऊन आली आणि माझा घात करून गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुलिपाची ही मुलगी. माझ्या हाताखाली शिकलेली. या महिन्यापासून माझ्याच जुन्या शाळेत भूगोल शिकवायला लागली आहे, माझ्याच वर्गात, माझ्याच डुगडुगणाऱ्या टेबलामागे. मी कौतुकाने तिच्यासाठी दुसऱ्यांदा चहा ओतत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "एजे," मी सगळ्यांचीच एजे, म्हणजे ताई, "ऑक्टोबरमध्ये सातवीच्या मुलांना अला-आर्चाच्या दरीत नेणार आहे. अक-सायच्या धबधब्यापर्यंत. तुमच्या वाटेने."

"माझ्या वाटेने?"

"तुम्ही वर्गात सांगायचात ना, त्या वाटेने. पण आधी तुम्ही मला एकदा दाखवा. आई येतेय, जिन्यातल्या आणखी तिघी येतायत. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. चौदा तारीख, शनिवार. दाखवाल ना?"

"अगं, त्यात काय! डोळ्यांना पट्टी बांधून नेते," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. माझ्या तोंडाला ती सवयच आहे.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. अक-सायचा धबधबा मी आयुष्यात पाहिलेला नाही. शहरापासून दीड तासाच्या अंतरावर आहे तो. अडतीस वर्षं मी या शहरात भूगोल शिकवला, पर्वतांचा धडा आला की दर वर्षी त्या धबधब्याखाली उभी राहिले, पण ती वर्गातच. पहिल्या वर्षी एवढंच म्हणाले होते, "मी गेले होते तिथे, पाणी अंगावर उडालं." जांभया देणारी पोरं ताठ बसली. दुसऱ्या वर्षी एका गरुडाने माझी टोपी पळवली. तिसऱ्या वर्षी हिमबिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले, अजून ऊब असलेले. मी तरी काय करणार? पुस्तकात नुसत्या उंच्या दिल्या होत्या.

एकदाच प्रयत्न केला होता, १९८४ साली. म्हटलं, थाप खरी करून टाकू. सहावीचा वर्ग घेऊन बसने निघाले. पण मला गाडी लागते. शेवटच्या वळणांनी माझं जे काही केलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. उतरल्यावर चार तास एका बाकावर आडवी होते. व्यायामाच्या मास्तरांनी मुलांना वर नेलं. बसच्या ड्रायव्हरने मला चघळायला कुरुतची, वाळवलेल्या दह्याची, खारट गोळी दिली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला पेपर उघडून बसला. एक शब्द बोलला नाही. देवमाणूस. चेहरा आठवत नाही, कान आठवतात. पातेल्याला असतात तसे. मुलं ओल्या केसांनी परत आली, त्यांना खोदून खोदून विचारलं आणि पुढल्या वर्षीपासून माझ्या धबधब्याला रंग आणखी चढला.

५ सप्टेंबर, गुरुवार

सराव सुरू. बटाट्यांची बादली घेऊन पाच मजले चढते, उतरते. वर पोचले की डोळ्यांपुढे हिमशिखरं दिसतात, पण ती चक्कर असते.

तळमजल्यावर एसेनकुल आके दारात उभे असतात. गेल्या हिवाळ्यात राहायला आले, तेव्हापासून सगळ्यांचे आके, म्हणजे दादा. बायको वारलेली, मुलगा परदेशी. डोक्यावरचा पांढरा कल्पाक कानांवरून खाली ओढलेला, घरातसुद्धा. दिवसभर इमारतीतले नळ दुरुस्त करत असतात.

"मुगालिम," ते मला म्हणाले, सगळ्यांसारखं एजे न म्हणता ते मला मास्तरीणच म्हणतात, "बटाटे वर न्यायचेत की खाली?"

"दोन्हीकडे."

"ही चौथी खेप."

म्हणजे मोजतायत! कुलिपाने पाळत ठेवायला बसवलं असणार. तिला माझ्यावर पहिल्यापासून संशय आहे. उद्यापासून शेजारच्या जिन्यात सराव.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या जिन्यात एसेनकुल आके होते. तिथलाही नळ गळतो म्हणे. बादली हातातून घेतली आणि पाचव्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. आता चढायचा सराव त्यांचा झाला, माझा नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

वाचनालयातून जुना नकाशा आणला. गाडीतळ, नदी, पूल, पायवाटा, सगळं आहे. फक्त जिथून धबधब्याची वाट फुटते, नेमकी तिथे घडी पडून कागद विरला आहे. धबधबा पुलाच्या अलीकडच्या वाटेवर की पलीकडच्या, ते पन्नास वर्षांतल्या वाचकांच्या बोटांनी खाऊन टाकलं. मी तर्काने ठरवलं, पलीकडे. पूल कुणी उगाच बांधत नाही.

दुपारी एसेनकुल आके माझा नळ दुरुस्त करायला आले. नळ गळत नव्हता.

"पुतण्याची मिनीबस आहे, शनिवारी मीच चालवणार. तुम्ही पुढे बसा, माझ्या शेजारी," ते म्हणाले. "पुढे बसलं की वळणं कमी जाणवतात."

"मला वळणांचं काय?" मी म्हणाले. "मी भूगोल शिकवलाय."

त्यावर त्यांनी मान डोलावली आणि न गळणारा नळ इतका आवळला की आता तो उघडतच नाही. उद्या परत बोलवावं लागणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गुडघ्याची योजना पक्की केली होती. गाडीतळावर उतरायचं, दहा पावलं टाकायची, गुडघा धरून हाय-हाय करायचं. आरशासमोर डाव्या पायाने लंगडून पाहिलं. चांगलं जमत होतं. दहापैकी नऊ गुण दिले असते.

मग नुरझातचा फोन आला. "एजे, तुम्ही सांगितलंत तसं लिहून काढलंय. पूल ओलांडायचा, उजवीकडे वळायचं, तासभर चालायचं. बरोबर ना? मुलांसाठी नकाशा काढलाय. तीस प्रती करून आणते."

"तीस कशाला?"

"तीस मुलं आहेत. एखादं मागे पडलं तर वाट चुकायला नको."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसूनच राहिले. आजवर माझ्या थापांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. गरुडाने फार तर टोपी नेली. पण बारा-तेरा वर्षांची तीस पोरं, हातात माझा कागद, आणि पुलाच्या पलीकडे काय आहे हे मलाच ठाऊक नाही.

लंगडणं रद्द. वाट आधी मी पाहिली पाहिजे. आणि कुणाला कळता कामा नये की पहिल्यांदाच पाहतेय.

१५ सप्टेंबर, रविवार

पाय असे दुखतायत की स्वयंपाकघरात जाताना भिंतीला धरून जाते. पण सगळं लिहायचंच आहे.

काल सात वाजता निघालो. मी पुढे. मागे नुरझात वही-पेन घेऊन, शेजारी कुलिपा, तिच्या मांडीवर बोर्सोकने, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांनी, भरलेली परात. कुलिपा तीस वर्षं नर्स होती, माणसाकडे बघते ती सुई कुठे टोचावी असं. आणखी तिघी मागच्या बाकावर आधीच गात होत्या.

वळणं सुरू व्हायच्या आत एसेनकुल आकेंनी खिशातून कुरुतची गोळी काढून माझ्यापुढे धरली.

"कशाला?" मी विचारलं.

"आहे म्हणून."

माझ्या तोंडाला वास येत असावा, असं वाटलं. अपमान गिळून गोळी तोंडात टाकली. गाडी ते अशी चालवत होते, जशी काचेची बरणी नेतायत. मागून एका घोडागाडीने आम्हाला गाठलं.

"आके, आज पोचायचंय!" कुलिपा ओरडली.

"पोचू. डोंगर काही कुठे जात नाही."

गाडीतळावर मी आपल्या पायांनी उतरले. पोट जागच्या जागी होतं. हवेत आर्चाच्या झुडपांचा वास, पायांत पळणाऱ्या खारी, वर बर्फ. आनंदाने रडू येईल असं झालं, पण मी इथे शंभरदा आलेली बाई होते, म्हणून नुसतीच म्हणाले, "हं. तसंच आहे सगळं."

आणि त्यांना पुलावरून पलीकडे नेलं.

वाट छान होती. जरा जास्तच छान, सपाट. मी पुढे, काठी टेकत, झाडांची नावं सांगत. नुरझात लिहून घेत होती. तासाभराने झाडी उघडली आणि समोर धबधबा नव्हता. कबरी होत्या. डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांचे दगड, उतारावर विखुरलेले.

कुलिपा माझ्याकडे वळली. म्हणाली, "उमसुनाय, तुझा धबधबा वारला वाटतं."

नुरझातचं पेन वहीवर थांबलेलं. अडतीस वर्षांत तोंडाने मला कधी दगा दिला नव्हता, काल दिला.

"चूक माझी," मागून एसेनकुल आके म्हणाले. "मीच मुगालिमना म्हणालो होतो, आधी इकडे नेऊ. माझा एक मित्र आहे इथे. त्याला भेटल्याशिवाय वर जात नाही मी."

ते एका दगडापुढे गेले, तळवे पसरून प्रार्थना पुटपुटले, तोंडावरून हात फिरवले. आम्हीही फिरवले. काय योगायोग बघा, मी रस्ता चुकावा आणि नेमका तिथेच त्यांचा मित्र असावा! देव कधी कधी बाजू घेतो ती अशी.

कुलिपा दगडाजवळ वाकून वाचत होती. "आके, तुमच्या मित्राचं नाव ल्युदमिला?"

"हो."

"एकोणीसशे बावन्नला वारली. तुम्ही केवढे होता तेव्हा?"

"लहान होतो," एसेनकुल आके म्हणाले. "पण जीव होता एकमेकांवर."

कुलिपाला खोकल्याची मोठी उबळ आली, तिला पाठमोरं व्हावं लागलं. बिचाऱ्यांच्या दुःखात असं खोकू नये.

पुलावर परत आलो. अलीकडच्या काठाला, झाडीत, वर जाणारी उभी वाट. पाटीही होती. सकाळी मी तिच्यासमोरूनच गेले होते, पाठ फिरवून.

पुढचे दोन तास लिहायला मला शब्द कमी पडतात, आणि हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं. नुसती चढण. मुळांना धरून, दगडांवर बसून बसून. दर वळणावर वाटे की आला, आणि दर वळणावर पुढचं वळण. मोठ्या दुभंगलेल्या खडकापाशी पोचलो, ज्याला सगळे फुटकं काळीज म्हणतात, आणि तिथे बायकांनी अंग टाकलं.

"माझं काळीज इथवरच," कुलिपा म्हणाली. परात उघडली. "धबधबा पाणीच असणार. पाणी थर्मासातही आहे."

"एजे, आपणही थांबूया," नुरझात म्हणाली. "तुम्ही तर पाहिलेलाच आहे. वाट कळली मला. बाकीचं तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

तिने पेन काढलं. सुटले होते मी. कुणीही पुढे जाणार नव्हतं, कुणालाही कधीच कळणार नव्हतं. बोर्सोक खायचे, चहा प्यायचा, गरुडाची गोष्ट पुन्हा सांगायची.

ती माझ्याकडे बघत होती, अगदी तशीच, जशी दुसऱ्या बाकावरून बघायची. मी म्हणाले, "नुरझात, ते पेन ठेव. मी वर कधीच गेलेले नाही."

"म्हणजे खूप वर्षांत?"

"म्हणजे कधीच."

"पण गरुड?"

"नव्हता."

"बिबट्याचे ठसे?"

"नव्हते."

"पण ऊब होती म्हणालात..."

तिचा चेहरा एवढासा झाला. वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "मी त्या ठशांमुळे भूगोल घेतला, एजे," ती म्हणाली आणि उठून खडकाच्या पलीकडे जाऊन बसली.

कुलिपा एक बोर्सोक चावत म्हणाली, "मला माहीत होतं. ट्रॉलीबसचे दोन थांबे झाले की हिरवी पडतेस तू. आणि म्हणे डोंगर!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सांगायची बंद झाली असतीस. त्या पोरीला अभ्यासाला मी काय सांगून बसवलं असतं? जा आता. इथवर आलीस तर बघून ये तो मेला धबधबा. नुरझातचं मी बघते."

गेले. एसेनकुल आके मागून आले, मी बोलावलं नव्हतं. अर्धा तास आणखी, मग ओढा, मग तो.

सप्टेंबरात पाणी ओसरलेलं असतं, हे मला भूगोलाच्या बाईला कळायला हवं होतं. काळ्या कड्यावरून एक पांढरी दोरी लोंबत होती. गर्जना नाही, धुकं नाही. वरच्या मजल्यावर कुणी वाळत घातलेलं धुणं गळावं तसा आवाज. अडतीस वर्षं मी ज्याच्याखाली उभी होते, तो याच्या दसपट होता.

तरी कड्याखाली गेले. चेहरा वर केला. पाणी आलं ते सुयांसारखं गार, कपाळावर, मानेत, पाठीत. मी किंचाळले. मोठ्याने. बासष्ट वर्षांची बाई. परत खाली मान घातली आणि परत किंचाळले.

एसेनकुल आकेंनीही कल्पाक काढला आणि डोकं पाण्याखाली धरलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ओले केस चपटे बसले होते आणि दोन्ही बाजूंना कान उभे होते. पातेल्याला असतात तसे.

"तुम्ही!" मी म्हणाले.

"मी."

"चौऱ्याऐंशी साल. बस."

"हो."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, मी वर गेले नाही ते? आणि नळ दुरुस्त करताना मनातल्या मनात हसत होतात?"

"हसलो नाही. कुणाला सांगितलंही नाही." त्यांनी कल्पाक पिळला. "त्या दिवशी पेपर उलटा धरला होता मी. चार तास. तुमच्या लक्षात नाही आलं."

"उलटा का?"

"वाचत नव्हतो म्हणून."

मग धरला कशाला, हे काही मला कळलं नाही. पण थंडीने माझे दात वाजत होते, म्हणून जास्त विचारलं नाही.

खाली आल्यावर बायकांनी विचारलं, कसा आहे? मी खरं तेच सांगितलं. "बारीक. धुणं गळतं तसा." कुणाचा विश्वास बसेना. "आम्ही आलो नाही म्हणून आमचं सांत्वन करतेय," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "नीट सांग ना, एजे!" जन्मात पहिल्यांदा खरं बोलले, तर हे!

नुरझात परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नुरझातचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. तिच्या केकचा उरलेला तुकडा पार शिळा झाला. टाकवत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

दुपारी नुरझात दारात. आत आली नाही. तीस नकाशांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, पुलावर लाल रेघ मारलेला.

"मी चिडलेय अजून," ती म्हणाली. "पण उद्या चौथ्या तासाला शाळेत या. मुलांना वाट तुम्हीच सांगा. चुकायचं कुठे तेही सांगा."

"आणि गरुड?"

"तो तुमचा प्रश्न."

१९ सप्टेंबर, गुरुवार

टेबल अजून डुगडुगतं. मुलांना सगळं सांगितलं. पाटी कुठे आहे, पुलावर का जायचं नाही, खडकापाशी पाणी प्यायचं, ओढा कुठून ओलांडायचा. मग हेही सांगितलं की आधीच्या मुलांना मी अडतीस वर्षं थापा मारल्या. वर्गात अशी शांतता झाली, जशी बिबट्याच्या ठशांनाही कधी झाली नव्हती. मग एका मुलीने हात वर केला. "धबधबा एवढा बारीकच आहे तर जायचं कशाला, एजे?"

काहीतरी थोर सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण मागच्या बाकावर नुरझात बसली होती.

"मी दोनदा किंचाळले," मी म्हणाले. "तुमच्यातलं कोण तीनदा किंचाळतं, बघू."

घंटा झाली तरी कुणी उठेना. जाताना नुरझातने माझी बॅग उचलली आणि फाटकापर्यंत सोडायला आली. ती बोलली फक्त हवेबद्दल, पण बोलली.

२२ सप्टेंबर, रविवार

एसेनकुल आके आले. नळ पाहिलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "मुगालिम, चोन-केमिनची दरी पाहिलीय?"

चोन-केमिन! किती वर्षं शिकवली. माझ्या जिभेवर एका क्षणात सगळं तयार झालं, घोड्यावरून नदी ओलांडली ते, अस्वल आडवं आलं ते.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"मग शनिवारी जाऊ. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गाडी मी चालवेन. हळू."

"छानच की! कुलिपाला सांगते, नुरझातला सांगते, बाकीच्या तिघी आहेतच. मिनीबस भरेल."

त्यांचा चेहरा एकदम पडला. "हो, भरेल," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. माणसाला अचानक काय होतं कळत नाही.

कुलिपाला जाऊन सांगितलं, तर ती हसत हसत पायरीवरच बसली. डोळे पुसून म्हणाली, "मला नाही यायचं. नुरझातलाही नाही. त्या तिघींनाही नाही, मी सांगते त्यांना. आणि तू तो निळा रुमाल बांध डोक्याला, रेशमी."

दरीत वारा असतो, म्हणून म्हणाली असेल.

रुमाल कपाटातून काढला. इस्त्री केली. मग पुन्हा एकदा केली.